मोरीच्या पाण्यावरचा फड

(धुळ्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

जळगावहून येताना पांझरेच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं उभी राहिले. एप्रिल सरत आलाय, पात्रात पाणी नावालाच आहे. आयोजकांनी मला दिलेला विषय मोठा आहे: शाश्वत वास्तुकला, शहरी शेती, हिरवी बांधकामं, सार्वजनिक जागा. तासाभरात हे सगळं बोलायला गेले तर वरवरचंच होईल. पंचवीस वर्षं खान्देशात घरं बांधून माझं जे मत झालंय, ते सांगते. आपल्याकडे शहरात भाजीपाला पिकवायचा असेल तर गच्चीवर चढू नका. घरातलं मोरीचं पाणी जिथं उतरतं तिथं शेती करा. आणि ती प्रत्येकानं आपापली करू नका, फडासारखी करा.

फड म्हणजे काय ते या गावात मी सांगायला हवं असं नाही. पण तरुण मुलं बरीच दिसताहेत, म्हणून आत्ता एवढंच: गावानं मिळून पाणी आणि पीक ठरवायची आपली जुनी पद्धत. बाकी पुढे सांगेन. आधी माझ्या मोठ्या मायच्या घराबद्दल.

अमळनेर तालुक्यातलं बोरी नदीकाठचं गाव. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी सरे, सऱ्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या बारीक काटक्या, त्यावर पालापाचोळा आणि मग वीतभराहून जाड मातीचा थर. ही माती शेतातली काळी नव्हे. गावाबाहेरच्या पांढरीतून खारी माती आणायची. मी आर्किटेक्ट झाले तेव्हा कुठं मला त्याचं कारण कळलं. खाऱ्या मातीत सोडियम जास्त असतो. पहिला पाऊस पडला की तिचे कण सुटे होतात, फुगतात आणि भेगा बुजवतात, पाणी खाली उतरत नाही. आणि तिच्यात गवत उगवत नाही. गवत उगवलं की मुळं खाली जातात, मुळांच्या वाटेनं पाणी जातं आणि धाबं गळतं. म्हणजे आपल्या पूर्वजांनी छप्पर मातीचं केलं, पण तिथं काहीही उगवू नये अशी मुद्दाम काळजी घेतली.

मग धाबं कशासाठी? माणसांसाठी. मे महिन्यात जाड मातीतून दुपारची उष्णता खोलीत पोचेपर्यंत रात्र व्हायची, तेव्हा सगळं घर अंथरुणं घेऊन वर गेलेलं असायचं. दिवसा तिथं बिबडे, पापड, कुरडया, शेवया, मिरच्या. शेजारच्या धाब्यावरच्या बायकांशी तिथूनच बोलणं. गावातली अर्धी सार्वजनिक जागा अशी वर होती.

आणि हिरवं कुठं होतं? मोरीच्या मागं. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या अंगणात उतरायचं. तिथं अळू, कर्दळ, केळीची दोन खुंटं, एक लिंबू आणि कुंपणावर गिलक्याचा वेल. मोठी माय दर दोन दिवसांनी खुरप्यानं चारी मोकळी करून पाण्याची दिशा बदलायची, आज अळूला, परवा लिंबाला. चारी तुंबली की म्हणायची, ‘पानी वाया जास ना!’ वर माणसं, खाली पाणी आणि भाजी. या घराचा नकाशा मी आजही कुणालाही काढून देईन.

आता एक चूक सांगते, माझी स्वतःची. नवीन असताना मीही परदेशी मासिकांतली छायाचित्रं बघून भारावले होते. जळगावात एका बंगल्याच्या गच्चीवर मी मालकांना शेत करून दिलं. त्यांची हौस मोठी होती, माझीही. त्यांच्या मळ्यातून काळी माती आणली आणि फूटभर जाड पसरली. हिशेब मी केला नव्हता असं नाही, पण कोरड्या मातीचा केला. भिजलेली फूटभर काळी माती दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते. घराची साधारण गच्ची आपण दीडशे किलोच्या वापराच्या भारासाठी धरतो. पहिल्या पावसाळ्यात माती फुगली, पाणी निघायच्या जाळ्या चिखलानं बुजल्या. दिवाळीनंतर माती तडकली आणि तिच्या बरोबर पॅरापेटच्या कडेचा कोबा उचलला. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलच्या छताला ओल आली. स्लॅब पडला नाही, ते नशीब. मालकांनी मला एक वाईट शब्द बोलला नाही. मजूर लावून सगळी माती पोत्यांत भरून खाली उतरवली, तेव्हा मी तिथं उभी होते. ती पोती मी अजून विसरलेले नाही.

गच्चीवर बाग होतच नाही असं मी म्हणत नाही. कोकोपीट, शेणखत, पालापाचोळा यांचं हलकं मिश्रण सहा इंच ठेवलं, खाली नीट वॉटरप्रूफिंग आणि मुळं अडवणारा थर दिला, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलं तर होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरून वर्षानुवर्षं भाज्या, फळं घेतली गेली. श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं तर थोड्या जागेत, कमी मातीत किती पिकवता येतं हे महाराष्ट्राला शिकवलं. पण मुंबईच्या दमट हवेतली गच्ची आणि भुसावळची मे महिन्यातली गच्ची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, वारा कोरडा असतो. सहा इंचांचा थर सकाळी भिजवला तरी दुपारी चारला कोरडा. नळाला पाणी कुठं दिवसाआड, कुठं आठवड्यानं. हे पाणी उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यायचं आणि उन्हाला देऊन टाकायचं, हे मला पटत नाही.

म्हणून कुणी हिरवी इमारत म्हणून फोटो दाखवला की मी विचारते, ही कुठल्या हवेसाठी बांधली? बँकॉकजवळ थम्मासात विद्यापीठाचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिथं २२ हजार चौरस मीटरचं छप्पर शेत म्हणून उघडलं. कोचाकोर्न वोराखोम या लँडस्केप आर्किटेक्ट बाईंनी ते रचलं. डोंगरउतारावर भाताच्या पायऱ्या असतात तसं इमारतीचं छप्पर नागमोडी पायऱ्यांचं केलं. पाऊस पडला की पाणी पायरीपायरीनं अडत, मुरत, पिकाला मिळत खाली येतं आणि उरलेलं तळ्यांत साठतं. वर तांदूळ आणि भाज्या, खाली कँटीन आणि वर्ग. लोक तिथं फिरायलाही जातात. मला ही इमारत फार आवडते. पण ती तिथल्या दुखण्यावरचं औषध आहे. बँकॉकचं दुखणं म्हणजे पूर. पाणी इतकं की त्याला थोपवून धरायचं. आपलं दुखणं ऊन, आणि पाऊस चार महिन्यांत सहा-सातशे मिलिमीटर. त्या बाईंकडून घ्यायचं ते छप्पर नव्हे. त्यांनी आपल्या भागातल्या भातशेतीच्या पायऱ्यांकडे बघितलं, तसं आपण आपल्या भागाकडे बघायचं.

आपल्या भागात काय आहे? इथून वर साक्रीकडे गेलात की पांझरेवर जुने दगडी बंधारे लागतात. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची पद्धत मानली जाते. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवरही ती होती. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, आणि गावाची भिजणारी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. हा एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एका वर्षी एकच पीक घ्यायचं, एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात भुसार, म्हणजे धान्य. पुढच्या वर्षी पिकं फिरतात. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला तर एखाद्या फडाला पाणी द्यायचं नाही असं सगळे मिळून ठरवतात. झळ सगळ्यांनाच सारखी बसते, कुणी एकटा उपाशी राहत नाही.

आणि पाणी शेतकरी स्वतः घेत नाही. पाणी देतो पाटकरी. पिकाची राखण करतो जागल्या. त्यांचा मेहनताना गाव देतं. ज्याचं शेत त्याच्या हातात पाणी वळवायचं दारं नाही, ही यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. पुढे धरणं आली, विहिरींवर पंप बसले आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. पण रचना अजून लोकांच्या बोलण्यात आहे.

आता कॉलनीत येऊ. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही नवीन एन. ए., म्हणजे बिगरशेती, ले-आऊट बघा. एकरभराहून मोठ्या ले-आऊटला दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. या ओपन स्पेसचं पुढे काय होतं तुम्हाला माहीत आहे. विलायती बाभूळ, गाजरगवत, बांधकामाचा राडारोडा. कुणाचं तरी चारचाकी वाहन. कुठं कंपाउंड आणि पेव्हर ब्लॉक, त्यावर लोखंडी व्यायामाची यंत्रं, दुपारी हात लावला तर चटका बसेल अशी. आणि ती जागा कुठली निवडतात? प्लॉट पाडून उरलेला वेडावाकडा कोपरा.

माझी पहिली मागणी नकाशा काढणाऱ्यांकडे आहे. ओपन स्पेस जमिनीच्या उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. एवढं एक केलं की पंप न लावता पाणी तिथं येतं. दुसरी मागणी, प्रत्येक घरात संडासाची लाईन आणि मोरीची लाईन वेगळी काढा. बांधतानाच काढली तर खर्च थोडा असतो, नंतर फरशा फोडाव्या लागतात.

जळगावच्या कडेला एका कॉलनीत आम्ही हे केलं. छत्तीस घरं, अठरा गुंठ्यांची मोकळी जागा. घरं आधीच झालेली, त्यामुळे वरच्या अंगाची चौदाच घरं उतारानं जोडता आली. माणशी पन्नास लिटर मोरीचं पाणी धरा. चौदा घरांची चार-चार माणसं म्हणजे रोजचे सुमारे अठ्ठावीसशे लिटर. भाजीच्या एका गुंठ्याला उन्हाळा सोडून रोज चारशे-पाचशे लिटर पुरतं. म्हणजे पाच-सहा गुंठे आरामात. फार नाही, पण रोज येतं, आणि टँकरची वाट बघावी लागत नाही.

पाणी सरळ पिकाला दिलं नाही. आधी तेल अडवणारी छोटी टाकी, मग गाळ बसायची टाकी, मग खडी-वाळूचा लांब वाफा आणि त्यात कर्दळ व रामबाण ही पाणवनस्पती. पण पहिल्या वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कपड्यांच्या पावडरीत सोडियम असतो. ते पाणी वर्षभर काळ्या जमिनीत गेलं आणि एका बाजूची जमीन चोपण झाली. वरून पांढरट, ओली असताना चिकट, वाळली की दगड. पाणी मुरेना. मी वाकून तिचं ढेकूळ हातात घेतलं आणि मला एकदम मोठ्या मायच्या धाब्यावरची माती आठवली. हाताला अगदी तशीच. जे छपराला तारतं तेच शेताला मारतं. मग वॉशिंग मशीनचं पाणी वेगळं काढलं, जमिनीला जिप्सम दिलं, ताग पेरून गाडला. दोन हंगामांत जमीन सुधारली.

ठिबकचंही सांगते. मी ठिबकच्या गावात राहते, ठिबकनं आमच्या जिल्ह्याची केळी उभी केली. पण मोरीच्या पाण्यानं बारीक ड्रिपर चोंदतात. इथं सरीनं पाणी द्या आणि वर जाड आच्छादन घाला. रावेर-यावलकडे केळीची वाळकी पानं आणि कापलेली खोडं ढिगानं पडलेली असतात, ट्रॉलीभर आणली तर कुणी नाही म्हणत नाही. खोडाचे तुकडे वाफ्याच्या तळाशी घातले की बरेच दिवस ओल धरून राहतात. आणि या पाण्यावर कच्ची खायची पालेभाजी घेऊ नका. केळी, पपई, शेवगा, लिंबू, मांडवावरची गिलकी-दोडकी घ्या. फळ जमिनीपासून वर राहतं. मेथी, पोकळा, कोथिंबीर हवी तर पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर घ्या. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून आपल्या पावसात वर्षाला पन्नास हजार लिटर तरी मिळतं. म्हणजे गच्ची रिकामी ठेवण्यालाही अर्थ आहे. तिच्यावर चुन्याचा किंवा चायना मोझॅकचा पांढरा थर द्या, सोलर बसवा, बिबडे वाळवा, रात्री झोपा.

आता जे जमलं नाही ते. सुरुवातीला मी प्रत्येक घराला एकेक वाफा वाटून दिला. मला वाटलं, ज्याचं त्याचं असलं की माणूस जपतो. सहा महिन्यांत दहा वाफे हिरवेगार आणि सव्वीस वाळलेले. कुणी नोकरीवर बाहेरगावी, कुणाच्या घरी आजारपण. पाण्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. कॉलनीतले एक निवृत्त शिक्षक साक्रीकडचे होते. मीटिंगमध्ये ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही वाफे वाटले, आमच्याकडे फड वाटायचे.’ त्या एका वाक्यानं माझा नकाशा बदलला.

वाफ्यांच्या मधल्या विटा काढून टाकल्या. चार तुकडे केले. एकात वेलांचा मांडव, एकात वांगी-मिरची, एकात केळी-पपई, एक पडीक, तागासाठी. प्रत्येक घराचा वाटा चारही तुकड्यांत. माल निघेल तो ओट्यावर येतो आणि वाटला जातो. दारं धरायला एक माणूस नेमला. त्याला पगार आहे, छत्तीस घरं तो भरतात. आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी, आखाजीला, अक्षय तृतीयेला ठरतो, तसा तोही आखाजीलाच ठरवायचा असा कॉलनीनं नियम केला. पुष्कळ ठिकाणी बागेसाठी पैसा मिळतो, पाईप मिळतो, रोपं मिळतात. माळ्याचा पगार कुणी धरत नाही. वास्तुकलेच्या चर्चेत पगाराचं काय काम असं तुम्हाला वाटेल. माझ्या अनुभवात, तो पगार अंदाजपत्रकात नसेल तर बाकीचा नकाशा तीन वर्षांत विलायती बाभळीखाली जातो.

एप्रिल-मे मध्ये हा फड जवळजवळ बंद असतो. केळी आणि शेवगा सोडून सगळं काढून घेतो. बाराही महिने हिरवं दिसलं पाहिजे हा हट्ट आपल्या हवेत धरू नये. भिंतीला कुंड्या लटकवून केलेल्या हिरव्या भिंती मी इथं दोन उन्हाळे टिकलेल्या पाहिल्या नाहीत. पश्चिमेच्या उन्हाला उत्तर म्हणजे झाड, आणि झाडांत कडुनिंब. त्याची पानं मार्चच्या आसपास नवी फुटतात, म्हणजे ऊन चढायला लागलं की सावली तयार. कडुनिंबाखाली आणि उघड्या पेव्हर ब्लॉकवर मे महिन्यात दुपारी पाचला अनवाणी उभं राहून बघा, थर्मामीटर लागत नाही. पानातून पाणी वाफ होऊन जातं तेव्हा ते उष्णता घेऊन जातं. एका लिटरमागे जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेइतकी. मोरीचं पाणी भाजी पिकवून उरलं की आम्ही या झाडांना सोडतो. त्यांच्या बुंध्याभोवती ओटे आहेत, सकाळी तिथं भाजी वाटली जाते, दुपारी म्हातारी माणसं बसतात, संध्याकाळी पोरं.

त्या जागेत एक जुना कडुनिंब होता. माझ्या पहिल्या नकाशात तो नव्हता. कंपाउंडच्या रेषेत येत होता आणि मी रेषा सरळ ठेवली होती. नकाशा दाखवायला गेले तेव्हा कॉलनीतल्या बायका मागं उभ्या होत्या, कुणी काही बोलत नव्हतं. शेवटी एकीनं विचारलं, ‘आखाजीले लेकी येतील, झोका कुठं बांधायचा?’ मी कंपाउंड वाकवलं. आता त्या आडव्या फांदीला दर आखाजीला तीन झोके लागतात आणि गौराईची गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात. परवा त्यांचा फोन आला. पोरी मोठ्या झाल्या, झोका लांब जातो, पाय ओट्याच्या कडेला लागतात, ओटा दोन फूट मागं घ्या. उद्या सकाळी गवंडी घेऊन तिथं जायचंय.